इचलकरंजीची मीरा

'चांदा ते बांदा' असे आपण सहज म्हणतो. पण एका टोकाची माणसे दुसऱ्या टोकाला क्वचितच ठाऊक असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांचे नाव आपल्या चंद्रपुरात कितीजणांनी ऐकले असेल?

शिक्षण सातवीपर्यंत. सामान्य गृहस्थाला परवडेल अशी छोटी मोटार करावयाची, हे त्यांनी १९४५ च्या सुमारास मनावर घेतले आणि १९४९ साली दोघांपुरती पहिली गाडी रस्त्यावर आणली. तिचे नाव 'मीरा'. पुढे त्यांनी पोलादी कमानपाट्यांऐवजी रबर वापरून पाहिले. भामरागडच्या वाटेवर ज्याचा पाटा तुटला असेल, त्याला ह्या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको! रबराचीच युक्ती इंग्लंडातील 'मिनी' मोटारीने १९५९ नंतर जगभर गाजविली.

मग मीरा कारखान्यात का पोचली नाही? भांडवल नव्हते, हे उत्तर मला अपुरे वाटते. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर परवान्यावाचून मोटारीचा कारखाना काढणे शक्यच नव्हते, आणि १९५३ च्या धोरणाने ती वाट मूठभर कंपन्यांपुरतीच ठेवली. छोट्या मोटारीवर दिल्लीत समित्या मात्र बसत राहिल्या. १९७० साली दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन बसवून कुलकर्णींनी नवी मीरा सिद्ध केली. त्याच वर्षी छोट्या मोटारीचे इरादापत्र मिळाले ते संजय गांधींना. रोल्स-रॉइसमधील उमेदवारी त्यांनी अर्धवट सोडली होती. तेव्हा अडचण शिक्षणाची खासच नव्हती.

'मारुती'ची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी, तीही जपानच्या सुझुकीच्या आराखड्यावर.