ऐन वेळचे भाषांतर

संगणकाला कळतात ते फक्त आकड्यांत लिहिलेले हुकूम. ह्या हुकमांच्या भाषेला यंत्रभाषा म्हणतात. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो दुसऱ्याच, त्याला सोयीच्या भाषेत. तेव्हा मध्ये कुणीतरी भाषांतर करणारा लागतोच. ह्याच्या दोन रीती पूर्वीपासून चालत आल्या. एक, सबंध प्रोग्रॅमचे भाषांतर आधीच करून ठेवायचे. हे काम कंपायलरचे. दुसरी, दुभाष्या शेजारी बसवायचा नि एकेक वाक्य समजून घेत पुढे जायचे. पहिल्या रीतीत काम भराभर होते, पण आधी खोळंबावे लागते. दुसरीत खोळंबा नाही. मात्र तेच वाक्य हजारदा आले, तर दुभाष्या बिचारा हजारदा तेच सांगत बसतो!

ह्या दोहोंमधून जाणारी तिसरी वाट आहे, तिच्याविषयी आज थोडे सांगायचे आहे. प्रोग्रॅम चालू असतानाच, लागेल तेवढ्याच तुकड्याचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे आणि लगेच ते वापरायचे. पोळी तव्यावरून थेट पानात, तसं. 'जस्ट-इन-टाइम' हे तिचे नाव कारखान्यांतून उसने आलेले. माल हवा तेव्हाच मागवण्याची टोयोटाची पद्धत ह्याच नावाने ओळखली जाते. कल्पना मात्र नावाहून बरीच जुनी. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही तिचा ओझरता उल्लेख सापडतो.

पण प्रत्यक्ष करामत पाहायची तर १९६८ सालच्या बेल प्रयोगशाळेत जायला हवे. केन टॉम्पसन यांच्यापुढे प्रश्न होता मजकुरात शोध घेण्याचा. ठराविक शब्दाचा नव्हे, तर 'क'ने सुरू होऊन 'न'ने संपणारा कोणताही शब्द, अशा साच्याचा. दर अक्षराला साचा पुन्हा तपासायचा म्हणजे वेळ जाणार. टॉम्पसन यांच्या प्रोग्रॅमने काय करावे? साचा वाचून त्याने आयबीएम ७०९४ ह्या यंत्राचे हुकूम स्वतःच लिहिले, आणि शोधाचे काम त्या हुकमांवर सोपवले! एका साच्यापुरता घडवलेला एक छोटा प्रोग्रॅम. निबंध अवघा चार पानांचा आहे.

पुढे १९८४ साली पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी स्मॉलटॉक-८० ह्या भाषेसाठी हीच युक्ती वापरली. अडचण जागेची होती. यंत्रभाषेतले रूप मूळ रूपापेक्षा कितीतरी जास्त जागा अडवते, आणि तेव्हा स्मरणजागा फार महाग. त्यांनी ठरवले, एखादा भाग पहिल्यांदा लागेल तेव्हा भाषांतर करून ठेवू. जागा संपली की खुशाल टाकून देऊ. पुन्हा लागला तर? पुन्हा करू! डिस्कवर ठेवून परत आणण्यापेक्षा नवे भाषांतर करणेच स्वस्त पडत होते. मला विचाराल तर ह्या सबंध इतिहासात केलेले काम बेलाशक टाकून देण्याचे हे धैर्यच सर्वांत शहाणपणाचे.

'सेल्फ' भाषेवर काम करणाऱ्या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकले. कोणता भाग वारंवार चालतो ह्यावर पाळत ठेवायची आणि त्यावरच मेहनत घ्यायची. १९९९ साली जावासाठी आलेल्या हॉटस्पॉटने हेच सूत्र उचलले.

आता अवजारांकडे येऊ. प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी हे सारे नव्याने लिहायचे, म्हणजे वर्षांचे काम. म्हणून तयार अवजारे निघाली: जीएनयू लाइटनिंग, ल्युआजिटसाठी माइक पॉल यांनी केलेले डायनॅझम, आणि इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेले एलएलव्हीएम. हे शेवटचे ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांचे. आडवे पवईच्या आय.आय.टी.चे १९८७चे पदवीधर. एलएलव्हीएम घोटून घोटून उत्तम यंत्रभाषा देते, पण त्याला वेळ लागतो. ब्राउझरसमोर बसलेला माणूस थांबेल थोडाच? २०१६ साली वेबकिटच्या लोकांनी ते बाजूला ठेवून स्वतःचे, हलके अवजार केले, ते ह्याच कारणाने.

आणि एक मोठी जोखीम राहिलीच. प्रोग्रॅमला स्वतःचे हुकूम लिहायला मोकळीक दिली, की चोरालाही तीच वाट सापडते. ज्या जागेत लिहिता येते तिथले हुकूम चालवायचे नाहीत, असा दंडक ओपनबीएसडीने २००३ साली घातला. जस्ट-इन-टाइमच्या तो मुळावरच येतो. २०१९ नंतर व्ही-८ ह्या इंजिनात सापडलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ४५ टक्के ह्याच भागाशी निगडित होते. तेव्हा २०२१ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरमध्ये एक निराळी सोय करून पाहिली. तीत ऐन वेळचे भाषांतर सरळ बंद, आणि काम पुन्हा त्या जुन्या दुभाष्याकडे.