मेंदीतला कात

आमच्या हिरडस मावळात मेंदी आधी पायाला लागायची, मग हाताला. शहरातल्या सुनांना याचं हसू येतं. पण आषाढात आंबेमोहराची आवणी सुरू झाली की बाया महिना-दीड महिना गुडघाभर चिखलात असायच्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलायची, रात्री आग व्हायची. तेव्हा परड्याच्या कुंपणावरचा मेंदीचा पाला ओरबाडायचा, पाट्यावर वाटायचा आणि बेचक्यांत भरून झोपायचं. सकाळी पाय लाल आणि आग निवलेली. मेंदीच्या रंगद्रव्यात बुरशी मारायचा गुण आहे, असं आता शास्त्र सांगतं. आमच्या आजीला शास्त्र ठाऊक नव्हतं, चिखल्या ठाऊक होत्या.

हाताची मेंदी नागपंचमीची. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून वाटण आदल्या दिवशी. पाला निवडताना कोवळी डहाळी चालायची नाही, जून पानच हवं. मग त्यात पडायचं ते असं : चिंचेचा कोळ, काळ्या गुळाचं पाणी, चहाचा उकळलेला चोथा आणि सुपारीएवढा काताचा खडा. चुलती त्यात लिंबू पिळायची, आजीला ते पसंत नव्हतं. "लिंबू विकतचं, चिंच दारची," एवढंच तिचं म्हणणं. नक्षी वगैरे काही नाही. तळव्याच्या मधोमध एक गोल, बोटांच्या पेरांना टोप्या, वरून एरंडाचं पान आणि फडकं. "मूठ मिटून झोप गं, आणि सकाळी पाण्यात हात घातलास तर बघ!" सकाळी वाळलेली मेंदी खरवडून काढायची, खापरात निखारे घेऊन त्यावर चार लवंगा टाकायच्या आणि त्या धुरावर हात धरायचे. तवा ठेवायचा नाही, पण खापराला कुणी बंदी केली नव्हती.

इतका खटाटोप कशाला? माझा तर्क असा की आमचा पाला फिका होता. मेंदीला कोरडी हवा आणि कडक ऊन लागतं, तेव्हा पानात रंग भरतो. म्हणून तर राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, तिला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस. झुडूप हिरवंगार दिसायचं, रंग मात्र केशरीवर अडायचा. सोजतेच्या बाईला नुसत्या पाण्यात भिजवून जे मिळायचं, ते मावळातल्या बाईला चिंच, गूळ, लवंग आणि कात घालून मिळवावं लागायचं. आणि मिळवावं तर लागायचंच, कारण ज्या पोरीची मेंदी रंगत नाही तिची सासू खाष्ट निघते, असं सगळं गाव म्हणायचं.

यातला कात आमच्या दुकानात पुड्यांतून यायचा, पण त्याची वाट जुनी आहे. वरंध्याच्या घाटानं खाली कोकणात उतरलं की कातकऱ्यांचा मुलूख. भोर-वेल्ह्यातही त्यांच्या वाड्या आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, आमच्या तोंडी मात्र वेल्हंच बसलंय.) कात करणारे ते कातकरी, काथोडी. जमातीचं नावच धंद्यावरून पडलेलं. खैर तोडायचा, वरचं पांढरं लाकूड टाकून आतला तांबडा गाभा घ्यायचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत पाण्यात उकळायच्या. पाणी गाळून पुन्हा आटवायचं, दाट झालं की थापून वड्या वाळवायच्या. झाडं तोडण्यापासून वड्या होईपर्यंत अख्खं बिऱ्हाड जंगलात. हा कात पानाच्या तबकात गेला, तोंड आलं तर औषधात गेला, रंगाऱ्याकडे गेला. इंग्लंडातले कोळी जाळी आणि शिडं कुजू नयेत म्हणून काताच्या पाण्यात उकळत, तो कातही हिंदुस्थान-ब्रह्मदेशाकडून जायचा.

मग इंग्रजी मुलुखात 1878 चा जंगल कायदा आला. जंगलं राखीव झाली, खैर सरकारचा झाला आणि कातकऱ्याच्या हातातला कात गेला. तो कोळशाच्या भट्टीवर गेला, वीटभट्टीवर गेला, दुसऱ्याच्या शेतावर उचल घेऊन राबायला लागला. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, ते 1948 साली विलीन झालं. पण जंगल संस्थानाचं असो की सरकारचं, ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्या वाट्याला दोन्हीकडे सारखंच. आज कातकरी केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहेत, महाराष्ट्रातल्या अशा तीन जमातींपैकी एक. माझ्या लहानपणी आवणीला येणारी एक कातकरी बाई आमच्या पाट्याजवळ बसायची. आजीनं काताचा खडा टाकला की ती म्हणायची, "आमचा आजा हा करायचा, आमाला आता इकत घ्यावा लागतो." आजी तिच्या हातावरही गोळा ठेवायची. मला त्या वयात त्यात एवढंच दिसायचं की आजी पोरींना थोडी आणि तिला जास्त मेंदी देते.

आता या सगळ्या मालमसाल्याचा खरा उपयोग काय? मेंदीच्या पानातला रंग, त्याला लॉसोन म्हणतात, पानात बांधलेला असतो. चिंचेच्या किंवा लिंबाच्या आंबटानं तो सावकाश सुटतो, म्हणून वाटण काही तास झाकून ठेवायचं. तो कातडीतल्या केराटिनला चिकटतो. तळहात-तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथं गडद. गुळामुळे लेप ओला राहतो आणि गळून पडत नाही. लवंगेच्या तेलातली द्रव्यं आणि निखाऱ्याची ऊब रंग चढायला मदत करतात. सकाळी केशरी दिसणारा हात हवा लागून दिवस-दोन दिवसांत तपकिरी होतो. पाणी लावू नको हा आजीचा दरारा म्हणूनच रास्त होता. काताबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे : कातानं मेंदी रंगत नाही, कात स्वतः रंगतो. त्याचा तांबूस तपकिरी रंग वर बसतो, पंचमीला हात शोभतो आणि चार भांडी घासली की उतरतो. पण पंचमीपुरतं तेवढंही पुरे होतं.

ज्यांच्या परड्यात मेंदी नसे त्या पोरी तेरड्याची पानंफुलं चुरडून नखांना बांधत. गौरीला जो तेरडा पूजतात तोच. त्याला गुलमेंदी उगाच म्हणत नाहीत, मेंदीतला लॉसोन तेरड्यातही असतो. रंग तीन दिवसांचा ही म्हण फुलाला लागू, नखांना नाही. तिथं तो नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकायचा. गुरं राखणारी पोरं सागाची कोवळी पानं चोळून हात लाल करायची, ते रक्त म्हणून आयांना घाबरवायला.

केसांचं गणित निराळं. तिथं हिरडा, आवळा आणि लोखंडी कढई. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं. जुनी शाईही हिरडा आणि हिराकस यांचीच. लोक आमच्या मावळाचं नाव या हिरड्याशीच जोडतात. पण हातावर कुणी काळा रंग मागत नसे. काळं नजर लागू नये म्हणून गालावर, हातावर लालच.

नव्वदच्या दशकात हिंदी सिनेमातून मेंदीचा वेगळा कार्यक्रम आमच्या लग्नांत शिरला. तोवर नवरीला हळद आणि चुडा एवढंच मोठं. मग कोन आले आणि त्यांच्या मागून दहा मिनिटांत काळीभोर रंगणारी मेंदी आली. एका जत्रेत माझ्या भाचीनं ती काढून घेतली. दुसऱ्या दिवशी खाज, चौथ्या दिवशी नक्षीच्या रेषेरेषेवर फोड. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मेंदी नाहीच, केसांच्या कलपातलं रसायन आहे. पीपीडी म्हणतात त्याला. युरोपात ते कलपात ठराविक प्रमाणातच चालतं, कातडीवर लावायला परवानगी नाही. एकदा त्याचं वावडं जडलं की जन्मभर राहतं. भाचीच्या मनगटावर वेलबुट्टीचा फिका वण अजून आहे. केस पिकले तरी कलप लावायचा नाही, असं तिला तेविसाव्या वर्षीच सांगून ठेवलंय.

तेव्हापासून कोन घेताना मी दुकानदाराला विचारते, किती वेळात रंगते? रात्रभर म्हणाला तर घेते. वाटणात कात मात्र आता कुणी घालत नाही. आवणीला गमबूट आले, चिखल्यांना मेडिकलमध्ये मलम मिळतं. तरी माझी जाऊ आषाढात ट्यूबेबरोबर मेंदीची पुडीही आणते, आणि ती सोजतची असते.