राजर्षि मार्कस ऑरेलियस

तत्त्वज्ञ राजा झाला म्हणजे प्रजेचीं दुःखें सरतील, असें ग्रीक पंडित प्लेटो मानीत असे. आपल्याकडे जनकाचा आदर्श आहेच. परंतु जनक पुराणांतला आणि प्लेटोचा राजा ग्रंथांतला. हाडामांसाच्या राजाची ही कसोटी इतिहासानें पाहिली ती रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याच्या ठायीं. आणि ती मोठ्या कठोरपणानें पाहिली.

इ. स. १२१ मध्यें रोम येथें त्याचा जन्म झाला. लहानपणींच त्याला वैराग्याची ओढ लागली. गुरु रस्टिकस यानें एपिक्टेटसचीं प्रवचनें त्याच्या हातीं दिलीं. हा एपिक्टेटस मूळचा गुलाम! आपलें मन आणि आपलें कर्तव्य एवढेंच आपल्या स्वाधीन आहे, बाकी सर्व परस्वाधीन, हें त्याच्या शिकवणीचें सार. भावी सम्राटानें तें एका गुलामापासून घेतलें.

१६१ सालीं तो गादीवर आला आणि संकटांची मालिकाच सुरू झाली. पार्थियाशीं युद्ध जुंपलें. तें जिंकून परतणाऱ्या सैन्यानें भयंकर साथ आणली. पाठोपाठ डॅन्यूब नदीपलीकडील टोळ्या साम्राज्यावर तुटून पडल्या. खजिना रिता झाला, तेव्हां प्रजेवर नवे कर न लादतां त्यानें राजवाड्यांतील सुवर्णपात्रें, रत्नें, फार काय, राणीचीं भरजरी वस्त्रेंहि लिलावांत काढलीं. ज्याला ग्रंथांचा सहवास प्रिय, त्याचीं उत्तर वयांतील बहुतेक वर्षें छावणींत गेलीं. तेथेंच त्यानें स्वतःला बजावण्यासाठीं ग्रीक भाषेंत टिपणें लिहिलीं. त्यांतील एका भागावर कार्नन्टम या छावणीचें नांव आहे.

१७५ सालीं त्याच्या मृत्यूची खोटी वार्ता उठली आणि पूर्वेकडील सुभेदार अव्हिडियस कॅसियस यानें स्वतःस सम्राट म्हणविलें. कॅसियसच्याच लोकांनीं त्याचें मस्तक कापून पाठविलें, तेव्हां तें पाहण्याचेंहि मार्कसनें नाकारलें व पुरण्याची आज्ञा केली.

असा हा विवेकी पुरुष वारस निवडतांना मात्र पराभूत झाला, असा आक्षेप आहे. त्याच्या आधींच्या चार सम्राटांनीं दत्तक वारस नेमले होते. यानें १७७ सालीं पोटचा पुत्र कोमोडस यास सहसम्राट केलें. १८० सालीं मार्कस वारला. पुत्राच्या उन्मत्त कारभाराचा शेवट १९२ सालीं त्याच्या खुनांत झाला. पण न्याय करतांना एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या चौघांस जिवंत पुत्रच नव्हता, मार्कसला होता. त्याला डावलणें म्हणजे यादवीस निमंत्रण देणें, किंवा त्याचा जीव धोक्यांत घालणें.

तात्पर्य, तत्त्वज्ञानानें मार्कसला स्वतःवर राज्य करावयास शिकविलें; परंतु एका माणसाच्या शीलावर उभें असलेलें राज्य त्या माणसाबरोबरच ढासळतें, या दोषावर त्याच्यापाशीं उपाय नव्हता. तो दोष राजाचा नव्हे, राजसत्तेचा होय.