खोडदच्या तीस तबकड्यांची मांडणी

मी नारायणगाव परिसरात पदार्थविज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण दाखवायला मुलांना नेलं, की एक प्रश्न हमखास येतो: "सर, या तबकड्या अशा कशाही का उभ्या केल्यात?" त्याचं उत्तर मला इतिहासात सापडतं.

ही दुर्बीण साकारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ लहान तबकड्या मांडल्या. सिडनीजवळच्या पॉट्स हिलहून आलेल्या, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या. त्या सरळ ओळींत होत्या आणि सूर्याचा वेध घ्यायला तेवढं पुरत होतं. पुढे उटीला त्यांनी ११ अंश उताराची टेकडी निवडली. तिथला अक्षांशही तेवढाच, म्हणून १९७० मध्ये तयार झालेली ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या आसाला समांतर राहिली. जागा हाही यंत्राचाच भाग असतो, हे तिथे सिद्ध झालं.

खोडदला कोडं अवघड होतं. तबकड्या ३०, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडी आकाशाचा वेगळा तपशील टिपते आणि पृथ्वी फिरते तसा तो बदलत जातो. तबकड्या समान अंतरावर उभ्या केल्या, तर कित्येक जोड्या तेच ते मोजत बसतात. म्हणून १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरात मुद्दाम विस्कळीत ठेवल्या, तर १६ तबकड्या 'वाय' अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे.

एवढं गणिताने सांगितलं. पण एखाद्या माळावर रेडिओ लहरींचा गोंगाट किती, हे तिथे जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरचा हा शांत भाग त्या कसोटीला उतरला. तबकड्या उभ्या राहिल्यावरही मोजणी संपत नाही. ज्यांचं आकाशातलं स्थान पक्कं ठाऊक आहे अशा दूरच्या रेडिओ स्रोतांकडे तबकड्या वळवतात. लहर प्रत्येक तबकडीपाशी किती उशिरा पोचते, यावरून त्या तबकडीची नेमकी जागा ठरते. आकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटर लांब असते. म्हणून जागेत काही सेंटिमीटरांची चूक राहिली तरी चित्र बिघडतं.

ही मांडणी आता हलवता येणार नाही. तिच्याभोवतीची शांतता राखणं मात्र आपल्या हातात आहे. खोडदला आलात, तर मोबाइल आठवणीने बंद ठेवा.