दुधाचा चिकटपणा नेमका काय सांगतो?

फील्डवर्कसाठी गोठ्यांवर फिरताना एक प्रश्न हमखास येतो: "ताई, दूध तर पांढरंशुभ्र आहे, मग गाय आजारी कशी?" दगडी झाली की कास सुजते, दुधात गाठी येतात, कुणालाही कळतं. सुप्त कासदाहात यातलं काहीच दिसत नाही. दूध तेवढं कमी होत जातं.

हा छुपा आजार पकडण्यासाठी १९३९ मध्ये व्हाइटसाइड यांनी दुधात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, मिसळून पाहिला. बाधित कासेचं दूध घट्ट, चिकट झालं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी सोड्याऐवजी डिटर्जंट घेतलं. चार सडांच्या चार वाट्या, तेवढंच द्रावण, जरा गोल फिरवायचं, काही सेकंदांत निकाल. हीच आपली सीएमटी.

पण चिकटतं काय? डिटर्जंटने दुधातल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएचं जेल बनतं. १९६२ मध्ये कॅरल आणि शाल्म यांनी डीएनए तोडणारं विकर या चाचणीवर वापरून पाहिलं. लक्षात घ्या, चाचणी आधी गोठ्यात गेली, 'का'चा शोध मागाहून चालू राहिला.

म्हणजे सीएमटी जंतू दाखवतच नाही, जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी दाखवते. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या निरोगी गाईचं दूधही चिकटू शकतं. पहिल्या वर्षी मी वहीत सरळ 'बाधित' असा रकाना केला होता. गाईडने तो खोडून 'पेशी वाढलेल्या' लिहायला लावलं. तेव्हा राग आला होता, खरं सांगते. नंतर कल्चरचे निकाल शेजारी मांडले आणि राग गेला.

ओळखल्यावर पुढे काय? १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये नीव्ह, डॉड, किंगविल यांनी एकेका गाईमागे धावण्यापेक्षा अख्ख्या कळपाचा विचार केला. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे, आटवताना प्रत्येक गाईच्या चारही सडांत प्रतिजैविक सोडायचं, शिवाय दूधयंत्राची देखभाल, दिसणाऱ्या आजारावर उपचार, जुनाट रोगी गाई काढणं. सड बुडवल्याने नवा संसर्ग टळतो, आत बसलेला जात नाही. म्हणून दोन्ही हवं होतं.

यातलं 'प्रत्येक गाईला' आता अडचणीत आलंय. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे युरोपीय संघाने २०२२ पासून असा सरसकट प्रतिबंधात्मक वापर रोखला. मग औषध कुठल्या गाईला द्यायचं आणि कुठलीला नाही, हे ठरवायला पुन्हा पेशींचाच आकडा पाहिला जातो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथेच अडकलंय.