मामूंचं ‘कबूल’

‘कबूल’ हा शब्द आमच्याकडे निकाहात म्हणतात. तो स्वखुशीनं म्हणायचा असतो. मी दहा-बारा वर्षांचा असताना माझ्या मामूंनी तो ठाण्यात म्हटला. गोदामातली धान्याची पोती चोरीला गेली आणि तिथं हमाली करणाऱ्या मामूंना उचललं. तिसऱ्या दिवशी ते ‘कबूल’ म्हणाले. चोरी त्यांनी केली नव्हती. कोर्टात मात्र फौजदारापुढची ती कबुली चालली नाही. दुसरा पुरावा नव्हता. मामू सुटले.

ती का चालली नाही, हे मला पुढे वाचनातून कळलं. १८५४ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारी लंडनच्या पार्लमेंटात गाजल्या. तीन जणांचा आयोग नेमला गेला. १८५५ साली अहवाल आला. लोक मैलोन्‌मैल चालत साक्ष द्यायला गेले होते. दोन काठ्यांत बोटं आवळणारी ‘किट्टी’, माणसाला वाकवून बांधून ठेवणं, डोळ्यांत मिरची. हे काही फक्त चोरांसाठी नव्हतं. शेतसारा थकला तरी हेच, कारण सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात एकच होते.

मग १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नियम आला, की पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा नाही. १८७२मध्ये तो पुरावा कायद्याचं कलम २५ झाला. सरकारनं आपल्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास! मला त्यात दयेपेक्षा शरम जास्त दिसते. १ जुलै २०२४पासून तोच नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये आहे. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि ‘तुझ्यावर सक्ती नाही’ हे त्यांनी आधी सांगायचं.

अपवाद आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या १९९९च्या ‘मोक्का’त पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली चालते. दुसरी वाट जुनी, कलम २७ची. कोठडीतल्या माणसाच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं बोलणं पुरावा ठरतं. ती तरतूदही नव्या कायद्यात कायम आहे.

मामूंच्या वेळी पोती सापडलीच नाहीत. त्यातली दोन आमच्या परसात ‘सापडली’ असती आणि पंचांनी सह्या केल्या असत्या, तर ते घरी आले असते की नाही, कोण जाणे.