विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थी : कोठारी आयोगापासून लिंगडोह समितीपर्यंत

परीक्षा केव्हा घ्यायची, शुल्क किती आकारायचे, ग्रंथालय किती वाजता बंद करायचे, हे तुमच्या संस्थेत कोण ठरवते? त्या बैठकीत तुमच्यापैकी कोणी असते का? या पाठात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू. सुरुवातीलाच एक फरक लक्षात ठेवा : विद्यार्थी संघाची निवडणूक वेगळी आणि निर्णय घेणाऱ्या मंडळातील जागा वेगळी.

पार्श्वभूमी

१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांच्या सिनेटमध्ये विद्यार्थ्यांना स्थान नव्हते. याउलट अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे १९१८ साली विद्यार्थ्यांनी संप करून प्राध्यापकांच्या बरोबरीने कारभारात वाटा मागितला. ही मागणी पुढे लॅटिन अमेरिकेत पसरली.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९६०च्या दशकात अनेक विद्यापीठांत असंतोष होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याकडे केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संयुक्त समित्या असाव्यात आणि विद्वत्सभेत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत, अशी त्याची भूमिका होती.

प्रतिनिधी कसा निवडावा, हा पुढचा वाद. महाराष्ट्राच्या १९९४च्या विद्यापीठ कायद्यात वर्गप्रतिनिधी गुणांच्या आधारे नेमला जाई. त्यामुळे निवडणुकीतील हिंसा टळली, हे खरे. परंतु ज्याला वर्गाने निवडलेच नाही, त्याला वर्ग जाब कसा विचारणार? २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. प्रत्यक्ष मतदान मात्र लांबणीवर पडत राहिले.

लिंगडोह समिती

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला. उमेदवाराची किमान ७५ टक्के उपस्थिती, ५,००० रुपयांची खर्चमर्यादा आणि छापील पोस्टरला मनाई, हे त्यातील प्रमुख नियम. येथे सुरुवातीचा फरक आठवा. समितीचा विषय निवडणूक हा होता. निवडून आलेला प्रतिनिधी कोणत्या मंडळात बसेल, हे त्या त्या विद्यापीठाचा कायदाच ठरवतो.

काही ठिकाणी ही जागा नियमानेच मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारीत विद्यार्थ्यांचा संबंध असेल, तर अंतर्गत समितीवर तीन विद्यार्थी असावे लागतात आणि तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले.

सारांश

मतदानामुळे प्रतिनिधी मिळतो. मंडळातील जागेमुळे त्याच्या मताची इतिवृत्तात नोंद होते. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे.

स्वाध्याय : तुमच्या विद्यापीठाचा कायदा मिळवा. कोणकोणत्या मंडळांवर विद्यार्थी आहेत, ते सदस्य आहेत की केवळ निमंत्रित, आणि त्यांना मताधिकार आहे का, याची नोंद करा.